जबाब वाचण्याआधी

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

युद्धकैद्यांच्या जबाबांवरचा तुझा मसुदा दोनदा वाचला. पहिल्यांदा चहा घेता घेता, म्हणजे कौतुकाने. दुसऱ्यांदा लाल पेन घेऊन. कौतुक फोनवर ऐकवीन, इथे पेनापुरतंच लिहितो.

जानेवारी 2025 मध्ये युक्रेनने कुर्स्कच्या आघाडीवर पकडलेल्या, रशियाकडून लढणाऱ्या दोन उत्तर कोरियाई सैनिकांची चित्रफीत तू पाहिलीस आणि तिथून तुझा विषय सुरू झाला. ठीक. त्यातला एक जखमी पोरगा दुभाष्यामार्फत सांगतो की आम्हाला हा सराव आहे असं सांगितलं होतं. आणि तू पुढच्याच ओळीत लिहितेस, ‘सैनिकांना युद्धाची कल्पना नव्हती.’ एका वाक्यात हजारो माणसांच्या मनात शिरलीस की! तो पोरगा खरं बोलत असेल. पण तो शत्रूच्या खाटेवर पडलाय, समोर कॅमेरा आहे आणि जिवंत सापडणं हीच ज्या देशात नामुष्की, तिथे त्याचं घरदार आहे. ‘मला ठाऊक नव्हतं’ हे त्याला सगळ्या बाजूंनी सोयीचं वाक्य आहे. याउलट, दोघांपैकी एकाजवळ दुसऱ्याच माणसाच्या नावाचं रशियन सैनिकी ओळखपत्र निघालं. त्या कागदाला कोणाचीच भीड नव्हती. मी तुझ्या जागी असतो तर प्रकरण तिथून सुरू केलं असतं.

तू मागे विचारलं होतंस, कैद्याच्या बोलण्यावर विश्वास किती ठेवायचा? त्याआधी वेगळा प्रश्न विचार: बोलणारा कुठे उभा होता? तिथून त्याला काय दिसत होतं?

यासाठी तुला कोरियन युद्धात, 1950 च्या ऑगस्टमध्ये नेतो. तुझ्या मसुद्यात हा भाग चार ओळींत उरकलाय, आणि खरा माल तिथेच आहे. उत्तर कोरियाच्या हल्ल्यापुढे दक्षिण कोरियाचं आणि अमेरिकेचं सैन्य रेटलं जाऊन आग्नेयेच्या कोपऱ्यात, पुसानभोवती अडकलं होतं. डेगू शहर जातंय की राहतंय अशी अवस्था. त्याच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर दाबुदोंग नावाचं खेडं, आणि समोर उत्तर कोरियाची 13 वी डिव्हिजन. महिन्याभरात या एकाच डिव्हिजनचे तीन अधिकारी पलीकडे आले. अभ्यासकाला असं घबाड क्वचित मिळतं.

पहिला, लेफ्टनंट कर्नल जोंग बोंग-उक, डिव्हिजनला साथ देणाऱ्या तोफखाना रेजिमेंटचा कमांडर. 22 ऑगस्टला हा गृहस्थ पांढरं निशाण हातात धरून एकटाच दक्षिण कोरियाच्या ठाण्यावर चालत आला. त्याने सांगितलं की दाबुदोंगच्या उत्तरेला सातेक किलोमीटरवर, युहाकसान डोंगराच्या पलीकडच्या दरीत, फळबागेत झाकून ठेवलेल्या चालू स्थितीतल्या 122 मिलिमीटरच्या सात हॉवित्झर आणि 76 मिलिमीटरच्या तेरा तोफा आहेत. लगोलग विमानं गेली, तोफांनी बाग भाजून काढली. आता, हा आला का? दाबुदोंगवर गोळे का पडत नाहीत म्हणून डिव्हिजन कमांडरने त्याची हजेरी घेतली होती, आणि मधल्या डोंगरामुळे मारा पोचतच नाही असं याचं म्हणणं. म्हणजे दुखावलेला माणूस. दुखावलेल्याच्या जबाबाला मी एरवी दहा चाळण्या लावतो. पण तो सांगत होता ते स्वतःच्या तोफांबद्दल, स्वतः निवडलेल्या जागेबद्दल, बोटांवर मोजता येईल अशा आकड्यात. आणि ते खरं की खोटं हे वैमानिक तासाभरात सांगू शकत होता. हाच माणूस ‘आमच्या सैन्याचा धीर सुटलाय’ असं म्हणाला असता, तर मी ते टिपून बाजूला ठेवलं असतं.

दुसरा, मेजर किम सोंग-जुन, 19 व्या रेजिमेंटचा ऑपरेशन्स अधिकारी. 2 सप्टेंबरला आला आणि म्हणाला, आज अंधार पडताना मोठा हल्ला आहे. डिव्हिजनमध्ये 4,000 नवी भरती आली आहे, त्यातल्या 2,000 जणांकडे हत्यारच नाही, एकूण माणसं 9,000 च्या घरात. या ‘हत्यारच नाही’पाशी थांब. आपल्या सैन्याचा दरारा वाढवायचा असता तर कोणी हे बोललं नसतं, आणि पकडणाऱ्याला खूश करायचं असतं तर 9,000 चा आकडा सांगितला नसता. एकाच दमात दोन्ही बाजूंना गैरसोयीचं बोलणारा साक्षीदार मला आवडतो. तिथल्या अमेरिकी डिव्हिजनचे प्रमुख जनरल गे यांनी पुढच्या तुकड्यांना सावध केलं. तरीही त्या रात्री टेकडी 448 वरची अमेरिकी बटालियन उखडली गेली आणि दाबुदोंग हातचं गेलं. बातमी खरी असली तरी टेकडी माणसांनाच राखावी लागते. हे तुझ्या ‘गुप्तवार्तेमुळे लढाई जिंकली’ या मथळ्यासाठी लिहितोय. मथळा बदल.

तिसरा सगळ्यांत मोठा मासा: सिनियर कर्नल ली हाक-गू, डिव्हिजनचा चीफ ऑफ स्टाफ. 21 सप्टेंबरच्या पहाटे दाबुदोंगच्या दक्षिणेला रस्त्याकडेला झोपलेल्या दोन अमेरिकी शिपायांना त्याने हलवून जागं केलं आणि शरण आला. (त्या दोघांना पुढे आयुष्यभर काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल!) त्याने सांगितलं, डिव्हिजनमध्ये उरलेत 1,500 जण, 300 ट्रकांपैकी 30, शिधा निम्म्यावर आलाय, आणि शिपायांतले सत्तर-ऐंशी टक्के दक्षिणेतून सक्तीने भरती केलेले.

आता तुझी चूक. किमचे 9,000 आणि लीचे 1,500 शेजारी ठेवून तू समासात ‘जबाबांत विसंगती’ लिहिलंस. अगं, दोन्हींमध्ये एकोणीस दिवस आहेत! त्या एकोणीस दिवसांत दाबुदोंगच्या टेकड्या पुन्हा पुन्हा हात बदलत होत्या, आणि 15 तारखेला पाठीमागे इंचॉनला सरसेनापती मॅकआर्थरचं सैन्य उतरलं होतं. शितावरून भाताची परीक्षा करावी, पण शीत वरचं आहे की बुडाशी करपलेलं, आणि भांडं चुलीवरून उतरवलं कधी, हे आधी बघावं.

उलट उदाहरणही देतो, म्हणजे हे नियम घोकत बसणार नाहीस. 25 ऑक्टोबरला, आघाडी उत्तर कोरियात सरकल्यावर, तिथल्या उनसानजवळ दक्षिण कोरियाच्या 1ल्या डिव्हिजनने एक कैदी धरला. डिव्हिजनचे जनरल पैक सन-यप यांना चिनी येत होतं. त्यांनी स्वतः विचारपूस केली. कैदी चिनी निघाला. सांगत होता की उनसानच्या उत्तरेच्या आणि वायव्येच्या डोंगरांत दहा हजार चिनी आहेत, आणखी दहा हजार पूर्वेला हुइचॉनकडे. माझी कसोटी लावलीस तर म्हणशील, साध्या शिपायाला दहा हजार कुठून दिसणार? बरोबर, आकडा ऐकीवच. पण तो माणूस तिथे असणं हीच बातमी होती. आकडा चुकला तरी ती चुकत नव्हती. मॅकआर्थरच्या टोकियोच्या मुख्यालयात मात्र ‘चीन पूर्ण ताकदीने उतरणार नाही’ हे आधीच ठरलेलं, म्हणून बातमी त्या मापात कापून बसवली गेली. 1 नोव्हेंबरच्या रात्री उनसानला जी 8 वी कॅव्हलरी रेजिमेंट चेचली गेली, तिच्याच शिपायांना लीने जागं केलं होतं.

भाषेबद्दल. तू कोरियन शिकतेस म्हणून हे तुला जास्त सांगायला हवं. 1950 साली अमेरिकनांकडे कोरियन जाणणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बरीचशी चौकशी जपानी वंशाच्या अमेरिकी सैनिकांनी जपानीतून केली, कारण 1945 पर्यंतच्या जपानी अमलात शाळा शिकलेल्या कोरियनांना जपानी येत असे. म्हणजे ज्यांनी आपली भाषा दाबली त्यांच्या भाषेत कैदी बोलतोय आणि टिपलं जातंय इंग्रजीत. खेड्यातला निरक्षर पोरगा यात कुठेच बसत नाही. म्हणून कागदांत अधिकाऱ्यांचा आवाज मोठा ऐकू येतो. नावांचंही तसंच. एकच आडनाव कुठे ली, कुठे री, कुठे यी असं लिहिलेलं सापडतं. तुझ्या परिशिष्टातले दोन कैदी मला एकच वाटतात, तपास.

दुभाष्याची गोष्ट निघालीच आहे तर माझी फजितीही ऐक. तरुणपणी ईशान्येत पोस्टिंगला असताना मी एका पकडलेल्या माणसाला विचारलं, किती जण होते? दुभाषी म्हणाला, बरेच. बरेच म्हणजे किती, मी गुरकावलो. तो म्हणाला, चाळीस असतील साहेब. मी वर कळवलं, चाळीस. एक अख्खी कंपनी रात्रभर पावसात दबा धरून बसली. तो चाळीसचा आकडा कैद्याने उच्चारलाच नव्हता. माझ्या आवाजाला घाबरून दुभाष्याने काढला होता. तुझ्या आकड्यांसमोर म्हणून मी प्रत्येक ठिकाणी ‘कोणाचा?’ असं लिहिलंय. राग मानू नकोस.

ली आणि जोंग यांचं पुढे काय झालं हे मसुद्यात नाही, ते घाल. जोंग दक्षिण कोरियाच्या सैन्यात गेला आणि मेजर जनरल झाला. ली, ज्याने ट्रकसुद्धा मोजून दिले, तो मे 1952 मध्ये दक्षिण कोरियातल्या कोजे बेटावरच्या युद्धकैद्यांच्या छावणीत कट्टर कम्युनिस्ट कैद्यांचा पुढारी होता. छावणीप्रमुख ब्रिगेडियर जनरल डॉड यांना कैद्यांनीच ओलीस धरलं, तेव्हा वाटाघाटीला हाच. मग सप्टेंबर 1950 चा जबाब खोटा होता का? मला नाही वाटत. शरण येताना तो एकटा होता, कोजेत हजारो डोळे त्याच्यावर होते. कैदी कोणाच्या देखत बोलतोय, ही नोंद जबाबाच्या कागदावर सहसा नसतेच.

हे आपल्या माणसांनीही अनुभवलंय. 1953 मध्ये, कोरियातली लढाई थांबल्यावर, मायदेशी परतायला नकार दिलेले बावीस हजारांवर कैदी भारतीय सैन्याच्या ताब्यात आले. त्या दलाचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. कुंपणाआड कैद्यांच्याच म्होरक्यांचा धाक एवढा, की ‘परत जायचंय’ हे मनात असलं तरी चारचौघांत उच्चारणं जिवावरचं होतं. तुझं पुढचं प्रकरण इथे होऊ शकतं.

आणि जिनिव्हा करार वाच, 1949 चा तिसरा, किमान कलम 13 आणि 17. कैद्याला नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैनिकी क्रमांक एवढंच सांगणं बंधनकारक आहे. त्याला लोकांपुढे तमाशा म्हणून उभं करता येत नाही. तुझ्या प्रस्तावनेत त्या जखमी पोराचा चेहरा छापलायस, तो आधी काढ.

सुधारलेली प्रत पाठवशील तेव्हा प्रत्येक विधानापुढे समासात एक अक्षर लिही: ‘प’ पाहिलेलं, ‘ऐ’ ऐकलेलं, ‘अं’ अंदाज. मंगळवारी येऊ नकोस, मोतीबिंदूची तपासणी आहे. बुधवारी चारनंतर घरीच आहे.

तुझा,
काका