अलाप्पुळा: बोट किती तास चालणार, ते आधी लिहून घ्या

तुमची पोस्ट वाचली आणि जुना राग पुन्हा वर आला. अकराची हाउसबोट दोनला सुटली, पाचच्या आत काठाला लागली, आणि आता बुकिंग ऑफिस म्हणतंय पैसे परत मिळणार नाहीत. आम्हा नवरा-बायकोचंही डिट्टो हेच झालं होतं. ऑफिसचं नाव लिहीत नाही. तुमचं तेच असेल असंही म्हणत नाही.

केरळला कधी जावं, कसं जावं ते सगळं सोडते, ते तुम्हाला माहीत आहेच.

आम्हाला फोटो एका बोटीचा दाखवला होता. धक्क्यावर गेलो तर ती दुरुस्तीला गेलेली. दुसरी साफ होईपर्यंत उन्हात बसा म्हणाले. भरपाई मागितली तर ऑफिस सांगे, पैसे बोटमालकाकडे गेले. मालक म्हणे, मला अर्धेच मिळालेत, त्यांच्याशी बोला. दिवसभर दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. पावतीवर रक्कम आणि तारीख एवढंच. बोटीचं नाव नाही, सुटायची वेळ नाही, मार्ग नाही. मग भांडायचं कशावर?

आणि हा उशीर नंतर भरून निघत नाही, हे ऑफिसातलं कुणीही आधी सांगत नाही. संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमाराला हाउसबोटी काठाला बांधतात, कारण त्यानंतर मच्छीमार जाळी लावतात. सकाळी गेलेला तास गेलाच. म्हणून पैसे देण्याआधी एकच विचारा: बोट प्रत्यक्ष किती तास चालणार आणि कुठून कुठे? उत्तर मेसेजवर घ्या, बोटीच्या नावासकट. टाळाटाळ झाली तर सरळ उठून या.

माझं स्पष्ट मत, कुणाला पटेल न पटेल: दोघंच असाल आणि हाताशी एकच दिवस असेल, तर हाउसबोट नकोच. हाउसबोट म्हणजे केट्टुवळ्ळम्, मूळची भात वाहणारी बोट, खिळ्यांशिवाय काथ्याने फळ्या बांधून केलेली. बघायला फार सुंदर, पण अरुंद कालव्यांत शिरत नाही. आणि कुट्टनाड, म्हणजे अलाप्पुळाभोवतीचा सखल पाणथळ भाग, खरं दिसतं ते तिथेच. बांधाच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला समुद्रसपाटीखालची भातशेती, घराच्या पायऱ्यांवर भांडी घासणाऱ्या बायका. छोटा शिकारा घ्या, चालवणाऱ्याशी तासांवर ठरवा. मुक्कामाचीच हौस असेल तर गोष्ट वेगळी.

नुसतं पाण्यावरून फिरायचं असेल तर राज्य जलवाहतूक विभागाच्या प्रवासी बोटी आहेत. गावची माणसं रोज जातात, तिकीट अगदी स्वस्त. आम्हाला सगळ्यात जास्त आनंद तिथेच मिळाला. उन्हाळ्याच्या तोंडावर जाणार असाल तर जलपर्णीची चौकशी करा. खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून तण्णीरमुक्कम बंधाऱ्याची दारं साधारण डिसेंबरपासून काही महिने बंद असतात, आणि तेव्हा जलपर्णी साचते.

लाइफ जॅकेट अंगावर घाला, बाकावर ठेवलेलं उपयोगाचं नाही. मे २०२३ मध्ये केरळातच तानूरला क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरलेली बोट उलटून २२ जण गेले. बोटीत गर्दी दिसली तर चढू नका, पैसे बुडाले तरी चालतील.

आता तुमच्या पैशांचं. मी वकील नाही, हे गृहीत धरूनच वाचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, केरळला खेटे घालावे लागत नाहीत. दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही, मुदत २ वर्षांची. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. ऑफिसशी झालेले चॅट आणि त्या दिवशीचे वेळ दिसणारे फोटो आजच जपून ठेवा. आमच्याकडे तेही नव्हतं, त्यामुळे आमचं प्रकरण तिथेच संपलं. तुमचं संपू देऊ नका.