कर्नाटक आवडत नाही की बेंगळुरू?

वाचकांचे प्रश्न

आम्ही मूळचे सोलापूरचे. पाच वर्षांपासून बेंगळुरूला व्हाइटफील्डमध्ये राहतो. भाषा जमत नाही, जेवण रुचत नाही, सांबारसुद्धा गोड! पाणी, गर्दी, घरमालक, सगळ्याचाच वीट आलाय. यजमानांना हुबळीला बदली मिळू शकते. पण राहायचं कर्नाटकातच, मग फरक तो काय पडणार? – एक वाचक

फरक पडेल, आणि चांगलाच पडेल. आज आपण ज्याला कर्नाटक म्हणतो ते 1 नोव्हेंबर 1956 रोजी चार-पाच तुकडे जोडून झालं. जुनं म्हैसूर संस्थान, मुंबई राज्यातले बेळगाव-धारवाड-विजापूर-कारवार हे जिल्हे, निजामाकडचे बिदर-गुलबर्गा-रायचूर, मद्रासकडचा मंगळूरचा किनारा आणि कोडगू (कूर्ग). ‘कर्नाटक’ हे नावही 1973 मध्ये पडलं. तुम्ही पाच वर्षं राहिलात ती जुन्या म्हैसूरच्या मुलखात, आणि त्यातही अशा कोपऱ्यात जिथे शेजारीपाजारी निम्मे लोक बाहेरून आलेले. हुबळी त्यापेक्षा सोलापूरला जवळची आहे, नकाशावर आणि ताटातही. गदग-होटगी रेल्वेमार्ग विजापूरवरून सरळ तुमच्या गावाकडे जातो.

ताटाचंच घ्या. दक्षिणेत भात आणि नाचणीचा मुद्दे (उकडीचा गोळा), किनाऱ्यावर उकडा तांदूळ आणि मासे, उत्तरेत ज्वारीची भाकरी. तिथे तिला रोट्टी म्हणतात आणि कडक रोट्टीच्या थप्प्या दुकानात विकायला असतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, वांग्याचं ऐनगाई (भरलं वांगं), आणि जेवणाच्या जागेला शब्द ‘खानावळी’. गोड सांबार ही उडुपी पद्धत, तिच्यात गूळ पडतो. त्यावरून अख्ख्या राज्याची चव ठरवू नये. बदली होईपर्यंत बेंगळुरूतच उत्तर कर्नाटकाच्या खानावळी शोधा, आहेत भरपूर.

बाजारातले शब्दसुद्धा बदलतात. बेंगळुरूत कांदा ‘ईरुळ्ळी’, हुबळीत ‘उळ्ळागड्डी’. बेंगळुरूत बटाटा ‘आलूगड्डे’, हुबळीत ‘बटाटी’ म्हटलंत तरी चालतं. भुईमुगाच्या शेंगा बेंगळुरूत ‘कडलेकायी’, हुबळीत चक्क ‘शेंगा’. एक फसगत मात्र दोन्हीकडे होते. ज्वारी म्हणजे ‘जोळ’ आणि मका म्हणजे ‘मेक्के जोळ’ किंवा ‘मुसुकिन जोळ’. घाईत मक्याचं पीठ घरी येतं आणि भाकरी थापताना तुटत राहते. ‘बिळी जोळद हिट्टु’, म्हणजे पांढऱ्या ज्वारीचं पीठ, असं स्पष्ट मागा. त्याहून बरं, ज्वारी विकत घेऊन गिरणीतून दळून आणा. दुकानातलं पीठ महिना-दोन महिने पडून असतं, आणि जुन्या पिठाला चिकटपणा राहत नाही.

भाषा पाच वर्षांत जमली नाही याचं एक कारण म्हणजे व्हाइटफील्डमध्ये हिंदी-इंग्रजीवर भागतं. खरं तर मराठी माणसाला कन्नड वाक्याची चाल परकी नाही. क्रियापद शेवटी, विभक्तीचे प्रत्यय शब्दाला चिकटून, आणि ‘मला हवं’ला शब्दाला शब्द ‘ननगे बेकु’. पहिल्या महिन्यात एवढंच करा: बेकु-बेडा (हवं-नको), एष्टु (किती), इदे-इल्ला (आहे-नाही), कोडी (द्या), स्वल्प (थोडं), आणि एक ते शंभर आकडे. आकडे आधी, कारण रिक्षा, भाजी, दूध सगळं आकड्यांवर अडतं. क्लास लावताना शिक्षक कुठल्या भागातले ते विचारा. बेंगळुरूत ‘या’ला ‘बन्नि’ म्हणतात, धारवाडकडे ‘बर्री’. ‘कसे आहात’ हे बेंगळुरूत ‘हेगिद्दीरा’, धारवाडकडे ‘ह्यांगदीरी’. आदराचा ‘री’ धारवाडी बोलण्यात जागोजागी येतो. तो लावलात की माणसं लगेच मोकळी होतात. हुबळीला जायचं असेल तर बेंगळुरूचा क्लास आता लावू नका.

आता दुसरी बाजू. हुबळी-धारवाडच्या बऱ्याच भागांत नळाला रोज पाणी येत नाही. वॉर्डात पाणी किती दिवसांआड येतं ते विचारा, घराला जमिनीखालची टाकी किती लिटरची आहे ते बघा, मगच भाड्याचं बोलणं करा. उन्हाळा बेंगळुरूपेक्षा कडक आहे, आणि तुम्ही स्वतः आयटीत असाल तर नोकऱ्या तिथे मोजक्या. म्हणून निर्णयाआधी आठ दिवस भाड्याची खोली घेऊन राहून बघा, पण डिसेंबरात नव्हे, एप्रिल-मेमध्ये. डिसेंबरात सगळीच गावं आवडतात. आणि उत्तरेत नव्या ओळखीत सीमाप्रश्न काढू नका. त्यावर दोन्हीकडे ठाम मतं आहेत आणि चहा गार होतो.

बेंगळुरूत घर सोडताना मालकाने रंगकामाचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापलं. आता दुसरं घर ‘लीजला’ मिळतंय, महिन्याचं भाडं नाही. घ्यावं का? – एक वाचक

रंगाचे पैसे कापायची तिथे रूढीच आहे, मग घरात दोन वर्षं राहिलेले असा की सात. करारात आधी लिहून घेतलं नाही तर भांडून उपयोग होत नाही. पुढच्या करारात तीन वाक्यं घाला: रंगाची कपात जास्तीत जास्त अमुक रुपये, अनामत किल्ली दिल्यापासून इतक्या दिवसांत परत, आणि घराची स्थिती सोबत जोडलेल्या तारीखवार फोटोंप्रमाणे. अनामतीला बेंगळुरूत ‘अॅडव्हान्स’ म्हणतात. आगाऊ भाडं समजून गोंधळू नका. पूर्वी दहा महिन्यांचं मागत, आता घासाघीस चालते.

‘लीज’ (कन्नडमध्ये भोग्य) म्हणजे एकरकमी मोठी रक्कम मालकाला द्यायची, दोन-तीन वर्षं बिनभाड्याने राहायचं आणि निघताना सगळी रक्कम परत घ्यायची. धोका शेवटच्या पायरीत आहे. मालकाने ती रक्कम खर्च करून टाकलेली असते आणि पुढचा लीजवाला मिळेपर्यंत तुमचे पैसे अडकतात. त्याहून वाईट म्हणजे घर आधीच बँकेकडे गहाण असतं. म्हणून पैसे देण्याआधी त्या मिळकतीचा बोजा दाखला काढा, तो राज्याच्या ‘कावेरी’ पोर्टलवरून निघतो. करार अकरा महिन्यांपुढचा असेल तर नोंदणी करूनच घ्या. रक्कम फक्त बँकेतून द्या. मालक यातल्या एकालाही नाही म्हणत असेल तर भाड्याचं घर बरं.

गाडी एमएच नंबरची आहे. पोलीस अडवतात. नंबर बदलावाच लागतो का? – एक वाचक

मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 प्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. बारा महिने गाडी त्या राज्यात आल्यापासून मोजतात, नोकरी लागल्यापासून नव्हे. म्हणून वाहतुकीची पावती किंवा फास्टॅगच्या टोलच्या नोंदी गाडीतच ठेवा.

क्रम असा. आधी सगळे ई-चलन भरा, एकही थकलं असेल तर ना-हरकत अडते. मग मूळ आरटीओकडे फॉर्म 28, सोबत आरसी, विमा, पीयूसी आणि चासी नंबरचा पेन्सिलने घासून घेतलेला ठसा. कर्ज असेल तर बँकेची संमती. ना-हरकत मिळाली की वेळ घालवू नका, तिची मुदत साधारण सहा महिने असते. नव्या आरटीओकडे फॉर्म 27, पत्त्याचा पुरावा आणि तिथला आजीवन कर. तो गाडीची मूळ किंमत आणि वय यावरून ठरतो, म्हणून खरेदीचं बिल जपून ठेवलेलं असावं. नवा नंबर आला की त्याच आठवड्यात विमा कंपनीला कळवा. हे विसरलं तर अपघातानंतर दाव्याच्या वेळी आरसीवर एक नंबर आणि पॉलिसीवर दुसरा, असा घोळ होतो. सगळ्यात शेवटी, नव्या आरसीची प्रत लावून मूळ आरटीओकडे उरलेल्या वर्षांच्या कराचा परतावा मागा. तो मिळायला वेळ लागतो आणि पाठपुरावा करावा लागतो. जुनी स्कूटर असेल तर या सगळ्यात पडूच नका, महाराष्ट्रात विका आणि कर्नाटकात दुसरी घ्या.

पुढची गाडी घेताना बीएच (भारत) नंबर मालिका बघा, ती 2021 पासून आहे. सरकारी नोकर, किंवा चार वा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपनीचे कर्मचारी ती घेऊ शकतात. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा, राज्य बदललं तरी नंबर तोच.

मुलगी सातवीत आहे, पुढच्या जूनमध्ये बेंगळुरूला यायचंय. तिला वैद्यकीयला जायचंय. बदली घेऊ की दोन वर्षं थांबू? – एक वाचक

या स्तंभात येणाऱ्या प्रश्नांत सर्वांत महाग पडणारी चूक इथे होते, म्हणून वर्षं मोजूनच सांगतो. महाराष्ट्राच्या वैद्यकीय राज्य कोट्यासाठी, काही ठरावीक अपवाद सोडून, दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून आणि वर अधिवास दाखला लागतो. कर्नाटकाच्या कोट्याचा नेहमीचा निकष म्हणजे पहिली ते बारावीत किमान सात वर्षं कर्नाटकात शिक्षण, आणि दहावी किंवा बारावी तिथून उत्तीर्ण. तुमची मुलगी आठवीत आली तर आठवी, नववी, दहावी, अकरावी, बारावी अशी पाचच वर्षं होतात. म्हणजे ती कर्नाटकाची नाही, आणि महाराष्ट्राचीही राहिली नाही. उरतात मुख्यतः अखिल भारतीय कोट्यातल्या 15 टक्के सरकारी जागा आणि खासगी महाविद्यालयांच्या खुल्या, महाग जागा.

मूल पाचवीत किंवा सहावीत येत असेल तर सात वर्षं भरतात आणि प्रश्न मिटतो. सातवीत येऊन भरत नाहीत. तुमच्या बाबतीत दोन्हीपैकी एका पालकाने मुलीबरोबर बारावीपर्यंत महाराष्ट्रात राहणं हाच सरळ मार्ग. दोन वर्षं थांबून दहावीत किंवा तीन वर्षं थांबून दहावीनंतर यायचं म्हणाल, तर बारावी तिकडची होते आणि महाराष्ट्राचा हक्क तेवढ्यानेही जातो. आई-वडिलांपैकी कोणी स्वतः कर्नाटकात शिकलं असेल तर वेगळी कलमं लागू होऊ शकतात. त्या वर्षीची प्रवेशाची माहितीपुस्तिका उघडून आपलं कलम कुठलं ते नक्की करा, ओळखीच्यांच्या सांगण्यावर जाऊ नका.

अभियांत्रिकीसाठी एनआयटीचा हिशेब वेगळा. तिथे ‘गृहराज्य’ म्हणजे बारावी जिथून दिली ते राज्य. बारावी बेंगळुरूतून दिली तर निम्म्या राखीव जागा सुरतकलच्या एनआयटीत मिळतात, नागपूरच्या व्हीएनआयटीत नाही. आयआयटीला राज्याचा कोटा नाही.

शाळेत कन्नड टळत नाही हेही धरून चला. 2015 च्या कायद्याने पहिली ते दहावी ती पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवायची आहे. लिपीत मराठी मुलं एकाच जागी अडखळतात: जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन शेजारी न येता खाली लिहितात. तेवढा सराव दोन आठवडे करून घेतला की वाचन सुटतं.

आमचा जातीचा दाखला महाराष्ट्राचा. इथे मुलाला आरक्षण मिळेल? – एक वाचक

राज्याच्या जागांवर नाही. जात किंवा जमात त्या-त्या राज्याच्या यादीत असते आणि स्थलांतर केल्याने ती सोबत येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्ये ठरवलं. तो खटला आपल्याकडचाच: आंध्रातून लहानपणी महाराष्ट्रात आलेला विद्यार्थी आणि मुंबईतलं सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय. जातीचं नाव दोन्ही राज्यांत सारखं असलं तरी उपयोग होत नाही. मूळ राज्यातला हक्क मात्र बुडत नाही, आणि केंद्राच्या जागांसाठी मूळ राज्याचा दाखला चालतो. इतर मागासवर्गासाठी जात केंद्राच्या यादीत आहे का ते बघा आणि केंद्राच्या नमुन्यातला, चालू वर्षाचा नॉन-क्रीमीलेयर वेगळा काढा. राज्याच्या नमुन्यातला दिला की अर्ज फेटाळला जातो.

बेंगळुरूत आल्यापासून तुरीची डाळ शिजत नाही. चार-पाच शिट्ट्या झाल्या तरी कण राहतात. उंचीमुळे का? – एक वाचक

शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर आहे, त्यामुळे उघड्या पातेल्यात पाणी 97 अंशांच्या आसपासच उकळतं आणि वेळ लागतो. पण कुकरमध्ये दाब ती कसर भरून काढतो. दोष बहुधा बोअरच्या जड पाण्याचा. त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम डाळीच्या पेशींना धरून ठेवतं आणि त्या मऊ पडत नाहीत. टँकरचं पाणीही बोअरचंच असतं. नळाला येणारं कावेरीचं पाणी त्या मानाने हलकं.

डाळ अर्धा-पाऊण तास भिजवा, ते पाणी टाका, शिजवायला कावेरीचं किंवा गाळणयंत्राचं पाणी घ्या. गाळणयंत्र आरओ प्रकारचं असावं, नुसत्या यूव्हीने जडपणा जात नाही. तेही नसेल तर एक वाटी डाळीला चिमूटभर खायचा सोडा, त्याहून जास्त घातला तर साबणासारखी चव येते. चिंच, आमसूल, टोमॅटो शिजल्यावरच. आंबट आधी पडलं की डाळ आकसते. कारण पाणी की डाळ हे ठरवायला दोन वाटग्यांत एकाच डाळीची एक-एक मूठ घ्या, एकात बोअरचं आणि दुसऱ्यात आरओचं पाणी घालून एकाच कुकरात लावा. दोन्ही कच्च्या राहिल्या तर डाळ जुनी आहे, दुकान बदला.