एक टन कार्बनचे नुकसान किती?

प्रश्न : एक टन कार्बन डायऑक्साइडमुळे होणारे नुकसान अमेरिकेच्या सरकारने 2021 मध्ये 51 डॉलर धरले आणि 2023 मध्ये तेथील पर्यावरण संस्थेने 190 डॉलर. एवढी तफावत असेल तर पुण्यात उड्डाणपूल की बससेवा, असा निर्णय घेताना या आकड्याचा काय उपयोग? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर : हवेत एक टन वायू जादा गेला तर तापमान किती वाढेल, त्यातून शेती, आरोग्य आणि मालमत्तेची किती हानी होईल आणि त्या हानीचे आजचे मोल काय, असा हा हिशेब असतो. 190 डॉलरच्या अंदाजात हानी मोजण्याची पद्धतही सुधारली होती. पण तफावतीचे मोठे कारण भविष्यातील रकमेचे आजचे मोल काढणारा वटाव दर हे आहे. 51 डॉलरच्या अंदाजात तो 3 टक्के होता, 190 डॉलरच्या अंदाजात 2 टक्के. शंभर वर्षांनी होणारे एक लाख रुपयांचे नुकसान 3 टक्के दराने आज सुमारे 5,200 रुपयांचे ठरते, 2 टक्क्यांनी 13,800 रुपयांचे आणि 7 टक्क्यांनी जेमतेम 115 रुपयांचे. म्हणूनच याच संस्थेचा अंदाज अडीच टक्के दराने 120 डॉलर, तर दीड टक्क्याने 340 डॉलर येतो. नातवंडांच्या पिढीचे नुकसान आपल्याला किती महत्त्वाचे वाटते, याचे उत्तर भौतिकशास्त्र देऊ शकत नाही. ते समाजाने उघडपणे ठरवायला हवे.

कोणाचे नुकसान मोजायचे, हाही वाद आहे. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत फक्त अमेरिकेतील हानी धरल्यामुळे आकडा एक अंकी झाला होता. मला याहून अधिक खटकते ते असे, की हानी पैशात मोजली म्हणजे पुरंदरच्या कोरडवाहू शेतकऱ्याचे बुडालेले पीक श्रीमंत देशातील घराच्या पडझडीपुढे नगण्य दिसते, मग त्याच्या संसाराचे कितीही हाल होवोत. काही अर्थतज्ज्ञ गरिबांच्या हानीला जास्त भार देतात, आणि ते मला रास्त वाटते.

एक लिटर पेट्रोल जळल्यावर सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. 190 डॉलरच्या दराने त्याचे नुकसान सुमारे 44 सेंट होते, 51 डॉलरच्या दराने सुमारे 12 सेंट. आकडा अनिश्चित म्हणून तो वगळला, तर हिशेबात हे नुकसान शून्य धरल्यासारखे होते, आणि सर्व अंदाजांत शून्यच सर्वांत चुकीचे आहे. म्हणून उड्डाणपूल आणि बससेवा यांची तुलना निदान तीन वटाव दरांनी करून तिन्ही निष्कर्ष नागरिकांसमोर ठेवावेत. धुरामुळे पुणेकरांच्या फुप्फुसांना होणारा त्रास मात्र यात येत नाही. तो वेगळा मोजावा लागतो.