अख्खा अल्बम एका दिवसात रेकॉर्ड होतो का?

तुम्ही विचारलंय, जुने गायक एका दिवसात अख्खा अल्बम उरकायचे हे खरं, की नुसत्या बाता? सगळ्यांचं सोडा, पण एका अल्बमपुरतं नक्की खरं आहे, आणि तो ऐरागैरा नाही. सोल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं जीव ओतून गायचं संगीत, गाणाऱ्या ओटिस रेडिंगचा 'ओटिस ब्लू'. जुलै १९६५, अमेरिकेतलं मेम्फिस. सकाळी दहाला बसले ते रात्री उठले. उठले तेही दमून नव्हे, तर वादकांच्या क्लबात सुपाऱ्या होत्या म्हणून. त्या वाजवून मंडळी रात्री दोनला परत स्टुडिओत हजर. सकाळ उजाडल्यावर काम संपलं. एकूण गाणी अकरा.

मी स्वतः ट्रंपेट वाजवतो, लग्नाच्या बँडमध्येही वाजवलंय. चार तास वरात वाजवली की ओठ बधिर होतात, वरचा सूर फाटायला लागतो. त्यामुळे हा किस्सा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला गायकाआधी त्या ट्रंपेटवाल्यांचीच काळजी वाटली.

पण 'एक दिवस' हा हिशोब थोडा फसवा आहे. स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीचा हा स्टुडिओ म्हणजे जुनं सिनेमा थिएटर. खुर्च्या काढल्या, पण जमिनीचा उतार तसाच राहिला, आणि पडद्याच्या जागी रेकॉर्डिंगची केबिन. तिथे गिटारवर स्टीव्ह क्रॉपर, बेसवर डक डन, ड्रमवर अल जॅक्सन ही मंडळी रोज एकत्र वाजवायची, आज या गायकाला साथ, उद्या त्याला. म्हणजे त्या दिवसामागे काही वर्षांची तालीम होतीच. शिवाय अकरापैकी आठ गाणी दुसऱ्यांची. त्यातली तीन एकट्या सॅम कुकची. कुक हा ओटिसचा आदर्श, आणि १९६४च्या डिसेंबरात गोळी लागून तो गेला होता. ओटिसच्या स्वतःच्या तीन गाण्यांपैकी एक आधीच सिंगल, म्हणजे सुट्या गाण्याची रेकॉर्ड, म्हणून बाजारात येऊन गाजलेलं. तेव्हा अकराच्या अकरा चाली काही त्या दिवशी बसून बांधल्या नाहीत.

दुसरी गोष्ट, ओटिसला नोटेशन लिहिता येत नव्हतं. ट्रंपेट-सॅक्सोफोनचे तुकडे तो तोंडाने गाऊन दाखवायचा आणि ते तसेच उचलले जायचे. आमच्या बँडचे मास्तरही असंच 'पॅं पॅं परॅं' करून सांगतात. कागदावरून वाजवणाऱ्यांना हे गावठी वाटतं. पण वेळ वाचतो हो, आणि तुकड्यात गाणाऱ्याचा दम जसाच्या तसा उतरतो. या अल्बममधली ब्रास, म्हणजे ही फुंकून वाजवायची वाद्यं, ऐका, ती वाजत कमी आणि ओरडत जास्त आहे.

यातला सगळ्यात भारी प्रसंग 'सॅटिस्फॅक्शन'चा. रोलिंग स्टोन्स या इंग्लिश रॉक बँडचं हे गाणं तेव्हा अगदी ताजं होतं. ओटिसने ते ऐकलेलंही नव्हतं. कल्पना क्रॉपरची. स्टुडिओच्या दर्शनी भागात कंपनीच्या भागीदार एस्टेल अ‍ॅक्स्टन यांचं रेकॉर्डचं दुकान होतं. क्रॉपर तिथून रेकॉर्ड घेऊन आला, बँडला ऐकवली, ऐकत ऐकत शब्द उतरवून घेतले. ओटिसने त्यावर नजर टाकली आणि आपल्या मनानेच गायला. नीट कान देऊन ऐकलंत तर 'सॅटिस्फॅक्शन' ऐवजी तो चक्क 'सॅटिस्फॅशन' म्हणतो! आज असं झालं तर तेवढाच शब्द पुन्हा गाऊन चिकटवतील. तेव्हा सगळे एकत्र वाजवायचे, चुकलं तर गाणं पहिल्यापासून. म्हणून सलग वाजवलेल्या एका टेकमध्ये जान असली की असल्या चुका राहू द्यायचे.

आणि गंमत अशी, की मूळ गाण्यातली ती प्रसिद्ध गिटार स्टोन्सचा गिटारवाला कीथ रिचर्ड्स याच्या डोक्यात ब्रासची जागा धरण्यापुरतीच होती. ब्रास कधी आलीच नाही, गिटारच कायम झाली. इकडे मेम्फिसवाल्यांनी ती ओळ ट्रंपेट-सॅक्सवर घेतली. त्याच्या मनातलं गाणं दुसऱ्यांनीच वाजवून टाकलं!

केबिनमध्ये टॉम डाउड होता, अ‍ॅटलांटिक या रेकॉर्ड कंपनीने न्यूयॉर्कहून पाठवलेला इंजिनिअर. हा माणूस तरुणपणी अणुबाँबच्या प्रकल्पावर काम केलेला. त्याने मोनोबरोबर (सगळा आवाज एकत्र) स्टिरिओतही (डावा-उजवा वेगळा) ध्वनिमुद्रण केलं, त्यामुळे अल्बमच्या दोन आवृत्त्या आहेत. म्हणून ऐकताना एक लक्षात ठेवा, 'आय हॅव बीन लव्हिंग यू टू लाँग' मोनोत जुनंच, वर सांगितलेल्या एप्रिलमधल्या सिंगलचं आहे. स्टिरिओतलं मात्र या बैठकीत नव्याने गायलेलं. दोन्ही लागोपाठ लावा. मला स्टिरिओतलं आवडतं. आवाज जरा बसल्यासारखा लागतो, पण शेवटच्या विनवणीला तोच शोभतो.