बाबांचं गणित आणि आईची बॅग

प्रश्न : ताई, मी राजारामपुरीत राहतो. सप्टेंबरमध्ये लंडनला एक वर्षाच्या एमएस्सीला निघालोय. फीसाठी कर्ज काढलंय. बाबा म्हणतात, राहण्याखाण्याचा खर्च पार्टटाइम कामातून सुटतो, ओळखीतल्या कुणाचा तरी सुटला म्हणे. आई रोज बॅगेत एक डबा वाढवते. तिथला रोजचा दिवस कसा असतो? तुम्ही राहून आलाय, खरं सांगा.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी बाबांचं गणित बघू, कारण पोरं त्यातच अडकतात. स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येतं. एप्रिल 2025 मध्ये तिथं 21 वर्षांवरच्यांना तासाला किमान 12.21 पाउंड मिळायला लागले. म्हणजे आठवड्याला 244, महिन्याला हजाराच्या थोडं वर, तेही सगळे तास मिळाले तर. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून व्हिसासाठी लंडनचा महिन्याचा खर्च 1,529 पाउंड धरायला लागले, फी वेगळी. सरकारच एवढा धरतंय म्हटल्यावर बाकीचे कुठून आणायचे, ते बाबांना विचार.

शिवाय कॅफेत किंवा दुकानात शिफ्ट मिळेलच याची हमी नसते. या आठवड्याला सोळा तास, पुढच्याला सहा. उन्हाळ्यात सुट्टी म्हणून पूर्णवेळ काम करू, असंही मनात धरू नको. एमएस्सीवाल्यांचा उन्हाळा प्रबंधात जातो आणि तो सत्रातच मोजतात. कुणी म्हणेल, माझ्या नावावर फूड डिलिव्हरी कर, कोण बघतंय! त्याच्या नादाला अजिबात लागू नकोस. त्या व्हिसावर स्वतंत्र धंदा चालत नाही, वर दुसऱ्याचं खातं वापरायचं, आणि पकडला गेलास तर शिक्षण अर्धवट टाकून घरी. कामातून भाजीपाला आणि बसचा खर्च काढायचा, एवढंच डोक्यात ठेव.

बसवरून आठवलं. घर शोधताना सगळे ट्यूबचं, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेचं, स्टेशन किती जवळ ते बघतात. मी म्हणेन, कॉलेजला थेट बस आहे का बघ. 2025 मध्ये बसचं भाडं 1.75 पाउंड होतं आणि तासाभरात बस बदलली तरी पुन्हा पैसे कापत नाहीत. ट्यूबला झोन आणि गर्दीच्या वेळेप्रमाणे जास्त पडतात. वेळ जातो खरा, पण वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली की माझी निम्मी वाचनं तिथंच व्हायची.

आता स्वयंपाकघर. आपलं कोल्हापूर शाहू महाराजांपासून बोर्डिंगचं गाव, खेड्यावरनं एसटीनं डबा यायचा. तिकडं सहा जणांत एक किचन आणि तुझ्या वाट्याला फ्रीजचा एक कप्पा. आमच्या मजल्यावर नागपूरच्या एकानं रात्री अकराला लसूण-मिरचीची खमंग फोडणी घातली, वर दार उघडंच ठेवलं. धूर कॉरिडॉरमध्ये गेला, अलार्म वाजला आणि अख्खी इमारत सपाता घालून रस्त्यावर. एक पोरगी तर डोक्याला टॉवेल गुंडाळून. किचनचं दार लावून, पंखा चालू करून, बारीक आचेवर फोडणी घालायची. रविवारी डाळ आणि उसळ करून फ्रीजरमध्ये टाकली की आठवडा निघतो. संध्याकाळी उशिरा सुपरमार्केटात पिवळ्या चिठ्ठ्या लावून माल स्वस्त करतात, ती वेळ हेरून ठेव.

डिसेंबरात चारच्या आधी सूर्य मावळतो. पहिल्या वर्षी ते अंगावर येतं. लेक्चर नसलं तरी दुपारी बाहेर पड. आईशी बोलायची वेळही आधीच ठरव : उन्हाळ्यात आपण साडेचार तास पुढं, ऑक्टोबरअखेर साडेपाच. तू रात्री आठला रूमवर आलास की इथं दीड वाजलेला. तुझ्या सकाळच्या चहाला तिचं जेवण उरकलेलं असतं, तेव्हा फोन कर.

पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात जवळच्या जीपीकडं, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडं, नाव नोंदव. त्यासाठीचा आरोग्य अधिभार व्हिसाबरोबरच भरलेला असतो.

आणि आईचे डबे. सुकं मटण, तूप, पेढे आधी बाहेर काढ. मांस आणि दुधाचे पदार्थ भारतातून नेऊ देत नाहीत. कांदा-लसूण मसाला मात्र भरपूर ने, दोन पिशव्यांत घट्ट बांधून, नाहीतर वर्षभर स्वेटरला वास. डाळ-तांदूळ लंडनमध्येच वेम्बलीत, साउथॉलला हवे तेवढे मिळतात, त्यात वजन घालवू नको. कुकर लहान घे. मात्र शेगडी इंडक्शनची आहे का, हे हॉलच्या, म्हणजे तिथल्या हॉस्टेलच्या, ऑफिसला आधी मेल करून विचार. इंडक्शन असेल तर कुकरच्या बुडाला लोहचुंबक चिकटला पाहिजे. लक्ष्मीपुरीत घेताना खिशात एक चुंबक घेऊन जा, दुकानदार हसला तर हसू दे.