पेटीत ५१ डझन कसे मावले?

प्रश्न : सर, मी बीएस्सी आयटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरच्या हापूसच्या ऑर्डरी घ्यायला रिअ‍ॅक्टमध्ये (वेबपानं बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) पान केलंय. पेटीचं एकच कार्ड तीन ठिकाणी वापरते. परवा गिऱ्हाइकाने ५ डझन लिहिले, मग बटण दाबून १ वाढवला, तर कार्डावर ५१ डझन! टाइपस्क्रिप्ट (माहितीचा प्रकार आधीच तपासणारी जावास्क्रिप्ट) लावलं तर एडिटरमध्ये लाल रेघाच रेघा. सगळीकडे 'एनी' टाकून त्या घालवल्या. चुकलं का? – एक वाचक, देवगड

उत्तर : चुकलंच. फॉर्मच्या चौकटीत लिहिलेला ५ म्हणजे स्ट्रिंग, आकडा नव्हे तर मजकूर. तिच्यात १ मिळवला की जावास्क्रिप्ट तो शेजारी चिकटवते. लाल रेघा तेच ओरडून सांगत होत्या. 'एनी' म्हणजे 'काहीही चालेल'; ते टाकून तू बागेच्या राखणदारालाच घरी पाठवलंस.

कार्डाला खरोखर काय लागतं ते एका इंटरफेसमध्ये, म्हणजे माहितीच्या साच्यात, लिही. डझन आणि दर, दोन्ही नंबर. अवस्था मात्र नुसती स्ट्रिंग नको; 'कच्चा' किंवा 'तयार', हे दोनच शब्द चालतील असं सांग. नाहीतर उद्या कुणी 'तय्यार' लिहील आणि कार्ड मुकाट्याने गिळेल.

प्रत्येक प्रॉपपुढे (कार्डाला बाहेरून दिलेल्या माहितीपुढे) प्रश्नचिन्ह लावून सगळंच ऐच्छिक करायचा मोह होईल. मी केलं होतं, रत्नागिरीतल्या एका बागायतदाराच्या पानावर. एका ठिकाणी दर द्यायचा राहिला. गुणाकार झाला आणि किमतीच्या जागी 'नॅन रुपये' उमटलं; नॅन म्हणजे 'नॉट अ नंबर', आकडाच नाही. कणकवलीहून फोन : "नॅन रुपये म्हणजे किती रे? यूपीआयवर टाकूक येणा नाय." प्रश्नचिन्ह सवलतीपुढे ठीक, दरापुढे नाही.

तयार पेटीला 'कधीपर्यंत खावा' ही तारीख लागते, कच्च्या पेटीला नाही. तिथेही प्रश्नचिन्ह लावून मोकळी होऊ नकोस. दोन वेगळे टाइप लिही आणि मध्ये उभी रेघ देऊन त्यांचं युनियन कर, म्हणजे 'हा नाहीतर तो'. मग 'तयार' लिहून तारीख विसरलीस, तर एडिटर तिथल्या तिथे अडवेल.

फॉर्ममधली स्ट्रिंग कार्डाला देण्याआधी 'नंबर' फंक्शनमधून काढ. रिकामी चौकट त्याआधीच तपास, कारण रिकाम्या स्ट्रिंगचा नंबर शून्य होतो. सर्व्हरवरून येणारा डेटाही असाच दारात तपासावा लागतो. टाइप कंपाइल होतानाच, म्हणजे कोडचं साधं जावास्क्रिप्ट होतानाच, गळतात, ब्राउझरपर्यंत पोचत नाहीत.

जुन्या लेखांत प्रॉपटाइप्स, म्हणजे प्रॉप तपासायची जुनी पद्धत, दिसतील. रिअ‍ॅक्ट १९ त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही, तूही बघू नकोस.

आणि त्या गिऱ्हाइकाला ६ डझनच पाठवा.