नोकरी सोडून मुलाखतींची तयारी करू का?

प्रश्न: पाच वर्षं एका मध्यम आकाराच्या कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पगारातले साठ टक्के घरखर्च आणि कर्जाच्या हप्त्यात जातात. असा नऊ महिन्यांचा खर्च बाजूला ठेवला आहे. राजीनामा देऊन सहा महिने फक्त मोठ्या टेक कंपन्यांच्या मुलाखतींची तयारी करावी म्हणतो. कोर्सची फी तीन पगारांएवढी आहे. पगार दुप्पट होईल असा अंदाज. वार्षिक बोनस चार महिन्यांनी मिळेल.

उत्तर: तयारी आजपासून सुरू करा, राजीनामा देऊ नका.

तुम्ही शिल्लक मोजलीत खर्चाच्या महिन्यांत आणि फी मोजलीत पगारात. घोळ तिथेच आहे. साठ टक्क्यांत महिना भागतो, म्हणजे तीन पगार हा पाच महिन्यांचा खर्च झाला. फी भरल्या दिवशीच नऊचे चार महिने उरतात, आणि तयारी तर सहा महिन्यांची!

बरं, तयारी संपली की पगार सुरू, असंही नाही. रिक्रूटरचा फोन, कोडिंगची पहिली फेरी, मग चार-पाच फेऱ्यांचा ऑनसाइट (मुख्य मुलाखती), त्यानंतर निर्णय. यात दीड-दोन महिने सहज जातात. गूगलमध्ये तर फेऱ्या पार करूनही टीम मॅचिंग, म्हणजे तुम्हाला घेणारी टीम मिळणं, उरतं. माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या एकाने ‘तुम्ही पास झालात’ एवढ्या फोनवर नोकरी सोडली (कंपनी वेगळी होती). लेखी ऑफर यायला अकरा आठवडे लागले, आणि ते त्याने क्रेडिट कार्डावर काढले. नकार आला तर अनेक ठिकाणी सहा महिने ते वर्षभर पुन्हा अर्ज करता येत नाही, हेही धरा.

मला त्याहून मोठा धोका दिसतो तो पाचव्या महिन्यात. खात्यात खडखडाट असताना कंपनीने एक लेव्हल (पदाची पायरी) खालची ऑफर दिली, तर तुम्ही ती निमूट घ्याल. लेव्हलवर पगार, बोनस, शेअर सगळंच ठरतं आणि पुढची बढती मिळेपर्यंत ते भोगावं लागतं. हातात नोकरी असलेला माणूस ‘विचार करून सांगतो’ म्हणू शकतो.

आता ‘दुप्पट’ कसं काढलंत? ऑफरचा आकडा बघून असेल, तर त्यात आरएसयू, म्हणजे पगाराचा भाग म्हणून मिळणारे कंपनीचे शेअर, किती ते पाहा. हे शेअर साधारण चार वर्षांत टप्प्याटप्प्याने हाती येतात. अॅमेझॉनने वर्षानुवर्षं ५, १५, ४०, ४० टक्के अशी विभागणी ठेवली होती. पहिली दोन वर्षं रोख बोनसने भरून काढायची, आणि असा बोनस घेऊन लवकर सोडलं तर काही भाग परत करावा लागतो. शेअरचा भाव काय राहील तेही कुणाच्या हातात नसतं: २०२२ मध्ये मेटाचा शेअर सुमारे ६४ टक्के घसरला आणि त्याच नोव्हेंबरात ११,००० जणांना कंपनीने काढलं. म्हणून तुलना फक्त मूळ पगाराशी करा. शेअर मिळाले तर वरकड समजा. त्यांच्या भरवशावर नवा हप्ता लावू नका.

कोर्स घेऊच नका असं म्हणत नाही, पण बहुतेक प्रश्न आणि त्यांची उकल फुकट मिळते. पैसे टाकायचेच तर मॉक (सरावाच्या) मुलाखतींवर टाका. अनुभवी मुलाखतकारासमोरच्या अशा चार-पाच मुलाखती एकेक करून विकत घ्या, त्यातली निदान एक सिस्टिम डिझाइनची (मोठ्या सॉफ्टवेअरची रचना मांडण्याची). ‘नोकरीची हमी’ दिली असेल तर परताव्याच्या अटी शब्दन् शब्द वाचा.

रोज कामाआधी दीड तास, सुटीच्या दिवशी चार. चार महिन्यांत बोनसही खात्यात येईल. मात्र तो जमा होण्याआधी राजीनामा दिला तर बुडतो का, हे करारात बघून ठेवा. ज्या कंपन्यांत जायची फारशी ओढ नाही तिथे आधी मुलाखती द्या, म्हणजे आवडत्या ठिकाणची संधी सरावात वाया जाणार नाही. मॉकमध्ये सलग दोनदा ‘घेऊ’ असा शेरा मिळाला, तर महिनाभराची बिनपगारी रजा मागून बघा. राजीनाम्याचा मेल मात्र सही झालेलं ऑफर लेटर हातात आल्यावर आणि पार्श्वभूमी तपासणी उरकल्यावरच.